शेततळ्यावर बदकं उतरतात, माझ्या कोंबड्यांचं काय होणार?

वाचक ताईंचं पत्र, थोडं कमी करून:

"सर नमस्कार. आम्ही निफाड तालुक्यात राहतो, नांदूर मध्यमेश्वरच्या धरणापासून आमची वस्ती पाच-सहा किलोमीटर असेल. माझ्या साठ-पासष्ट गावरान कोंबड्या आहेत, अंडी आणि पिल्लं विकून घरातला किरकोळ खर्च निघतो. बाजूलाच दिरांचं ५ हजार पक्ष्यांचं ब्रॉयलरचं शेड आहे, कंपनीच्या करारावर. थंडी सुरू झाली की आमच्या शेततळ्यावर बाहेरची बदकं उतरतात, बगळे तर रोजचेच. गेल्या आठवड्यात तळ्याच्या कडेला एक बगळा मेलेला सापडला आणि दोन दिवसांनी एक कावळा. सासूबाईंनी उचलून ओढ्यात टाकले, शेडमधली मेलेली पिल्लंही तिथेच टाकतात, सगळेच टाकतात. परवा माझ्या चार कोंबड्या गेल्या, मान वाकडी करत होत्या. दीर म्हणतात फटाके लावून पक्षी हाकलू, चुलत सासरे म्हणतात भाव आहे तोवर सगळ्या विकून मोकळी हो. मुलगा चौथीत आहे, त्याला अभयारण्यात पक्षी बघायला न्यायचं कबूल केलंय, ते पण आता नको वाटतंय. घरात अंडी खायची का नाही? काय करू?"

ताई,

आधी त्या चार कोंबड्यांचं बोलू, बदकांचं नंतर. तुमच्या अख्ख्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे आणि ते तुम्ही मधेच कुठेतरी सरकवून दिलंय, जसं पेशंट अर्धा तास गुडघ्याचं रडगाणं गातो आणि उठता उठता म्हणतो, बाकी डॉक्टर छातीत जरा कळ येते.

मान वाकडी होऊन कोंबडी मेली की आपल्याकडे म्हातारी माणसं लगेच म्हणतात मानमोडी आली, आणि दहापैकी बहुतेक वेळा ती बरोबरच असतात. मानमोडी म्हणजे राणीखेत. हा रोग इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला १९२६ साली सापडला म्हणून जगात न्यूकॅसल म्हणतात, आपल्याकडे त्यानंतर एक-दोन वर्षांत कुमाऊँच्या राणीखेतला सापडला म्हणून राणीखेत, त्या बिचाऱ्या थंड हवेच्या गावाचं नाव कोंबड्यांच्या रोगापायी खेड्यापाड्यात पोचलं. हिरवट पांढरी हगवण, पंख गळालेले, तोंड उघडं टाकून श्वास, मग मान पिळवटते, पाय लुळे पडतात. पण बर्ड फ्लूमध्ये सुद्धा मान वाकडी होऊ शकते. तुरा आणि चोचीखालची लोंबती लाल कातडी निळी-जांभळी पडली, डोकं सुजलं, पायाच्या खवल्यांखाली रक्ताचे डाग दिसले किंवा काहीच न दिसता सकाळी खुराडं उघडलं आणि पाच-सहा पडलेल्या, असं असेल तर बर्ड फ्लूची शंका जास्त, पण नुसतं बघून छातीठोक सांगणारा माणूस, मग तो माझ्यासारखा आयुष्य जनावरांच्या दवाखान्यात घालवलेला का असेना, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. नमुना पुण्याच्या रोग अन्वेषण विभागात जातो आणि बर्ड फ्लूची शंका असेल तर भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत, तिथून उत्तर आलं की खरं.

म्हणून हे वाचून झालं की आजच तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, दवाखाना लांब असेल तर १९६२ ला फोन लावा, तो पशुसंवर्धनाचा फुकटचा नंबर आहे. बगळा आणि कावळा पण सांगा, कोंबड्यांइतकंच ते महत्त्वाचं आहे. वनखात्याचा नंबर १९२६. (हो, वर न्यूकॅसलच्या साली पण १९२६ आलंय, योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला बरा.) आणि कोणी म्हणालं की कशाला सांगता, उगाच सरकारी लोक येऊन सगळ्या मारून जातील, तर दोन गोष्टी. एक म्हणजे २००९ चा प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांचा कायदा आहे, त्यात असा रोग कळवणं मालकाला बंधनकारक आहे. दुसरं म्हणजे नुकसानभरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची, रोगाने आधीच मेलेल्यांची नाही, त्यामुळे लपवून लपवून शेवटी कळवलं तर हातात येतं ते कमीच येतं. कळवलं की लगेच मारतात असंही नाही, आधी तपासतात, आणि राणीखेत निघाला तर कोणी मारायला येत नाही.

आता बदकं.

तुमच्याकडे जी येतात ती बहुतेक तलवार बदक, थापट्या, गडवाल, चक्रवाक अशी मंडळी असणार, वारकरी पण असेल, काळाभोर अंगावर कपाळाला पांढरा टिळा, त्याला हे नाव ज्याने ठेवलं त्याला नमस्कार. नांदूर मध्यमेश्वर म्हणजे गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं इंग्रजांच्या काळातलं धरण, गाळाने उथळ झालेलं, आणि पक्ष्यांना नेमकं तेच आवडतं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, तेच, २०२० च्या जानेवारीत जाहीर झालं. हे पक्षी मध्य आशिया, सायबेरिया, तिबेटकडून येतात आणि दिवस धरणात काढून रात्री चरायला आजूबाजूच्या शेतात-तळ्यात पांगतात. तुमच्या तळ्यावर ते दिसणं यात नवल काही नाही.

बर्ड फ्लूचा विषाणू मुळातला ह्याच लोकांचा. पाणबदकं आणि पाणथळीचे कुरव, तुतारी असले पक्षी हे त्याचं माहेर म्हणा. एच१ पासून एच१६ पर्यंतचे प्रकार जंगली पक्ष्यांत फिरत असतात आणि त्यातले बरेचसे बदकाला काहीही करत नाहीत. बदकाच्या आतड्यात विषाणू वाढतो, शिटेतून पाण्यात पडतो, दुसरं बदक तेच पाणी चोचीने चाळतं, झालं. खोकला-बिकला काही नाही, सगळा कारभार पाण्यातून. बदक मेलं तर विषाणूचं वाहनच गेलं, म्हणून ही जुनी जोडी एकमेकांना फारसं न दुखावता पिढ्यान् पिढ्या नांदत आलीय.

बिघडतं ते आपल्या शेडमध्ये. एच५ आणि एच७ हे दोन प्रकार कोंबड्यांत शिरले की तिथे त्यांना एका छपराखाली एकाच वयाचे, एकाच जातीचे हजारो पक्षी मिळतात, एक मेला तरी बाजूला दुसरा तयारच आहे, म्हणजे यजमानाला मारण्याचा विषाणूला काही तोटाच राहात नाही. अशा ठिकाणी त्याच्या अंगावरच्या एका प्रथिनात बदल होतो. त्या प्रथिनाला एक कापायची जागा असते, तिथे कात्री लागल्याशिवाय विषाणू पेशीत शिरू शकत नाही. साध्या विषाणूला जी कात्री लागते ती फक्त आतड्यात आणि श्वासनळीत मिळते, बदललेल्याला चालणारी कात्री मात्र शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत असते, म्हणून मग तो मेंदू, हृदय, यकृत सगळीकडे पोचतो आणि दोन-तीन दिवसांत शेड आडवं होतं. म्हणजे जंगली बदकाने आणलेला सर्दीसारखा किरकोळ पाहुणा आपल्या घरी राहून गुंड झाला.

आणि पुढची गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण दिरांना वाटतंय रोग आकाशातून खाली येतो आणि विषय संपला. आज जगभर धुमाकूळ घालणाऱ्या एच५एन१ चा पूर्वज १९९६ साली सापडला तो चीनच्या ग्वांगडोंगमधल्या पाळीव हंसांत. पुढच्याच वर्षी हाँगकाँगच्या कोंबडीबाजारातून १८ माणसांना झाला, ६ दगावली. मग २००५ मध्ये चीनच्याच चिंघाई सरोवरावर हजारो रानपक्षी मेले, त्यात पट्टकदंब हंस जास्त, आणि तिथून पुढे हा विषाणू रानपक्ष्यांच्या पंखावर बसून खंड ओलांडायला लागला. २०२१ च्या जानेवारीत हिमाचलच्या पोंग धरणावर हेच पट्टकदंब हजारोंनी मेले. म्हणजे आपण पाळीव पक्ष्यांत घडवलेला गुंड परत रानात गेला आणि तिथल्यांना मारायला लागला. रस्ता दुहेरी आहे, वाहतूक दोन्हीकडून चालते.

आता हे तुमच्या ओढ्याला लावा. सासूबाई मेलेली पिल्लं ओढ्यात टाकतात, दीर टाकतात, तुम्हीच लिहिलंय सगळेच टाकतात. त्यावर कावळे येतात, घारी येतात, गावातली कुत्री येतात. कावळा सकाळी ओढ्यावर मेलेलं पिल्लू खातो, अकरा वाजता तुमच्या खुराड्यापुढे सांडलेला मका खातो, संध्याकाळी तळ्याच्या कडेला पाणी पितो. २०२५ च्या जानेवारीत लातूरच्या उदगीरमध्ये कावळे पटापट मेले आणि बर्ड फ्लू निघाला, तेव्हा लोक कावळ्यांना शिव्या देत होते. त्याच सुमाराला नागपूरच्या गोरेवाड्यातल्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या ह्याच रोगाने गेल्याची बातमी आली, संशय त्यांना खायला दिलेल्या कोंबडीवर होता. कावळा स्वतः कुठे कोंबड्या पाळतो? त्याला आपण वाढतो तेच तो खातो.

त्यामुळे माझं उत्तर विचाराल तर बदकांकडे बघणं कमी करा आणि ओढ्याकडे बघा. खड्डा खणा, माणसाच्या छातीइतका खोल, विहीर आणि ओढ्यापासून लांब, उंचवट्यावर. मेलेला पक्षी टाकला की वर चुना, वर माती, तोंडावर पत्रा आणि पत्र्यावर दगड, नाहीतर कुत्री उकरतात. दिरांचं शेड मोठं आहे, त्यांना तर हा खड्डा कायमचाच पाहिजे, कंपनीचा सुपरवायझर त्यांना दर बॅचला सांगत असेलच आणि ते हो हो म्हणत असतील. मेलेल्या पक्ष्याला हाताने धरायचं नाही, प्लास्टिकची पिशवी हातात घालून उचलायचं आणि पिशवी उलटी करून गाठ मारायची, मग साबणाने हात. पण एक लक्षात घ्या, पुन्हा बगळा-कावळा सापडला तर थेट पुरू नका, वर एखादं क्रेट उपडं घालून ठेवा म्हणजे कुत्रं नेणार नाही, आणि फोन करा, त्याचा नमुना घेतला तरच कळेल कशाने मेला. बगळा मेला म्हणजे फ्लूच असं नाहीये हो. आपल्याकडे द्राक्षाच्या फवारण्या आहेत, विजेच्या तारा आहेत, आणि संक्रांतीच्या आसपास येवल्यापासून नाशिकपर्यंत नायलॉन मांजात अडकून किती पक्षी मरतात ते तुम्हाला माहितीच आहे. एकाच जागी दोन-तीन दिवसांत बरेच पक्षी मेले की मात्र घंटा वाजली समजा.

फटाक्यांचं डोक्यातून काढून टाका. एक तर वन्यजीव कायदा आहे १९७२ चा, अभयारण्याच्या बाजूला बसून हे उद्योग केले तर वेगळंच प्रकरण गळ्यात पडेल. दुसरं, समजा त्या थव्यात दोन बदकं आजारी आहेत, तुम्ही ती उठवली तर ती कुठे जाणार, पुढच्या वस्तीच्या तळ्यावर, आणि तिथल्यांनी फटाके लावले की परत तुमच्याकडे. एका तळ्यावरचा रोग दहा तळ्यांवर नेऊन ठेवायची ही उत्तम पद्धत आहे.

तळ्याचं मात्र खरंच करायचंय काहीतरी. तुम्ही लिहिलं नाहीये पण मी पैज लावतो, कोंबड्यांना पाणी त्याच तळ्याचं जातं, ड्रिपच्या लाइनला एक टी काढून पाइप सोडलेला असणार. आणि तळं म्हणजे प्लास्टिकचा कागद टाकलेलं, वाहतं नसलेलं पाणी, वर बदकांची विष्ठा, खाली काही झिरपायला जागा नाही. त्यात आपला निफाड. जानेवारीत पेपरात रोज येतं बघा निफाडचा पारा घसरला, द्राक्षबागायतदार पहाटे शेकोट्या पेटवतात, ती थंडी द्राक्षाला जशी वाईट तशी ह्या विषाणूला मानवते. ४ अंशाला तो विष्ठेत ३५ दिवस जिवंत राहतो, ३७ अंशाला सहा दिवस. उन्हात कोरडी पडलेली शीट लवकर निरुपयोगी होते, थंड पाण्यात मात्र तो आठवडेच्या आठवडे टिकतो. म्हणजे बदकं आली डिसेंबरात, पाणी थंड डिसेंबरात, सगळं जुळून येतं, म्हणून आपल्याकडच्या बातम्या जानेवारी-फेब्रुवारीतच जास्त असतात.

तर कोंबड्यांचं पाणी बोअरचं द्या. बोअर नसेल तर तळ्याचं पाणी हजार लिटरच्या टाकीत घ्या, साधारण १० ग्रॅम ब्लिचिंग पावडर बादलीभर पाण्यात कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचं निवळ पाणी टाकीत सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी द्या. पावडर ताजी पाहिजे, डबा उघडल्यावर नाकात झणका बसला नाही तर ती फेकून द्या, ग्रामपंचायतीत दोन वर्षं उघडी पडलेली पोती असतात त्यात नुसता चुना उरलेला असतो. आणि एक बारकी गोष्ट जी कोणी सांगत नाही, पाण्यातून लासोटाची (राणीखेतची) लस द्यायची असेल तर त्याच्या आदल्या दिवसापासून ब्लिचिंग बंद, कारण ती जिवंत लस असते आणि क्लोरीन तिला पण मारतो. लोक लस देतात, तरी मर लागते, मग म्हणतात लसच बोगस. त्या दिवशी साधं पाणी, त्यात थोडी दूध पावडर.

लशीचं सांगतोच आहे तर पुरं करतो. राणीखेतला लस आहे आणि ती स्वस्त आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब, महिन्याभराने परत, आणि आठ आठवड्यांनंतर आर टू बी चं इंजेक्शन. खुडूक कोंबडीखालच्या पिल्लांना कोणी ही लस देत नाही, म्हणून गावरानात मानमोडी दर वर्षी-दोन वर्षांनी झाडू मारून जाते आणि आपण म्हणतो वारं आलं. वारं नाही, लस चुकली. पण आत्ता, कोंबड्या आजारी असताना, डॉक्टर बघून जाईपर्यंत स्वतःच्या मनाने लस टोचू नका. एच५एन१ ला मात्र आपल्याकडे कोंबड्यांना लस देत नाहीत, तिथे मारून विल्हेवाट हाच सरकारी मार्ग, जिथे सापडला तिथून १ किलोमीटरमधले पक्षी मारतात आणि १० किलोमीटरपर्यंत नजर ठेवतात. तुमच्या साठ कोंबड्यांमुळे दिरांचं शेड आणि दिरांच्या शेडमुळे तुमच्या कोंबड्या, दोघांचं नशीब एकत्र बांधलेलं आहे हे घरात बसून एकदा बोलून घ्या.

आता एक माझा स्वतःचा किस्सा, जो मला सांगायला आवडत नाही. नोकरीला नवीन होतो, एम-८० वर गावं फिरायचो. एका वस्तीवर मानमोडी लागलेली, तिथे बघून आलो, दोन मेलेल्या हातात घेऊन पोट फाडून पण बघितल्या, आणि तसाच त्याच बुटांनी, तीच बॅग घेऊन पुढच्या गावाला गेलो, तिथे एका आजीच्या बारा कोंबड्या होत्या, त्यांना लस दिली, चहा प्यालो. सहाव्या दिवशी आजीच्या कोंबड्या गेल्या, बाराच्या बारा. मला रस्त्यात गाठून म्हणाली, "तू आला नव्हता तोवर बऱ्या होत्या रे." मी तिला काहीतरी बदकं, पक्षी, हवामान असं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पण बुटाच्या खाचेत अडकलेली ती ओली शीट मी घरी आल्यावर काडीने काढली तेव्हा मला कळलं होतं.

त्यामुळे सांगतो, रानपक्षी एखादवेळी ठिणगी टाकून जातो, गावभर आग नेतो तो माणूस. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला तो आपल्याच राज्यातल्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला, तिथे शेडला शेड लागून होती, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. अशा ठिकाणी शेडपासून शेडपर्यंत रोग न्यायला बदकाची गरज लागत नाही, खाद्याची गाडी आहे, लिफ्टिंगचे, म्हणजे तयार पक्षी भरून न्यायचे, क्रेट आहेत, एका शेडवरून दुसऱ्या शेडवर जाणारा मजूर आहे.

तुमच्याकडे बघा काय काय येतं-जातं. अंड्याचे पुठ्ठ्याचे ट्रे, बाजारात देऊन तेच परत आणता ना? पुठ्ठा धुता येत नाही, त्यापेक्षा प्लास्टिकचा घ्या, धुवा, उन्हात टाका. आठवडी बाजारात न विकलेली कोंबडी संध्याकाळी परत आणून तशीच खुराड्यात सोडायची नाही, तिने दिवसभर पन्नास गावच्या कोंबड्यांशेजारी डालग्यात काढलेला असतो, पंधरा दिवस तरी लांब ठेवा, नवीन विकत आणलेली पण तशीच. दिरांच्या शेडवरचा माणूस तुमच्या खुराड्यात आणि तुम्ही त्यांच्या शेडमध्ये, हे येणं-जाणं बंद. खुराड्याच्या दाराशी एक जुनी स्लीपरची जोडी ठेवा, ती फक्त आत घालायची, बाहेर नाही. दिरांनी शेडच्या तोंडाशी औषधाच्या पाण्याचा टब ठेवलेला असेल तर तो एकदा बघा, बहुतेक ठिकाणी त्यात आठ दिवसांचा चिखल असतो आणि त्यात पाय बुडवून लोक आत जातात, त्याला काही अर्थ नाही. आधी ब्रशने चिखल-शीट काढायची, मग टब, आणि पाणी रोज बदलायचं, टब सावलीत.

आणि कोंबडीखत. हे आपल्या भागाचं खास. द्राक्षाला, कांद्याला कुठून कुठून कोंबडीखताच्या ट्रॉल्या येतात, वर झाकण नाही, रस्ताभर सांडत जातात, मग बांधावर ढीग पडतो आणि त्यावर बगळे, साळुंक्या, कोंबड्या सगळी पंगत बसते. कुठल्या शेडचं खत आहे, तिथे काय झालं होतं, कोण विचारतं? तुमच्या शेतात असा ढीग असेल तर तो ओला करून काळ्या कागदाने घट्ट झाकून काही आठवडे कुजू द्या, आतली उष्णता विषाणूचं काम करते, आणि तोवर तुमच्या कोंबड्या तिकडे सोडू नका.

कोंबड्या आता काही दिवस मोकळ्या सोडायच्या नाहीतच. कलकलाट करतील, अंडी कमी होतील, चालवून घ्या. द्राक्षाची पक्ष्यांसाठी टाकायची जुनी जाळी पडली असेल कुठेतरी गोठ्यात, ती खुराड्यापुढच्या अंगणाला वरून-बाजूने लावा, चिमणी शिरणार नाही अशी. दाणे जाळीच्या आत टाका, जेवढे खातील तेवढेच, सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्या, पक्षी येतात ते दाण्यांना येतात.

चुलत सासऱ्यांचं विकायचं मत, ते पैशाच्या हिशोबाने बोलतायत हे समजतं, बातमी पसरली की चिकनचा भाव कसा कोसळतो ते सगळ्यांनी बघितलंय. पण कळपात मर लागलेली असताना उरलेल्या विकणं म्हणजे ज्याच्या घरी गेली त्याच्या कोंबड्या मारणं, आणि तो माणूस बहुतेक तुमच्याच नात्यातला किंवा शेजारच्या गावचा असणार. आत्ता एकही विकू नका, एकही कापू नका, पाहुण्यांना पिशवीत घालून देऊ नका. तपासणीत काही वाईट निघालं नाही तर महिन्या-दोन महिन्यांनी विका, तेव्हा भाव नसेल कदाचित, त्याला इलाज नाही.

अंड्यांचं विचारलंत. मर लागलेल्या कळपातली अंडी डॉक्टर सांगेपर्यंत घरात पण नको आणि विकायला पण नको. बाकी एरवी, नीट शिजवलेलं अंडं आणि चिकन खायला हरकत नाही, ७० अंशाला आतपर्यंत शिजलं की विषाणू मरतो, आपला रस्सा त्याच्या कितीतरी वर उकळतो. हाफ फ्राय नको, कच्चं अंडं दुधात घालून पैलवानकी नको, आणि कच्चं चिकन कापलेल्या विळीवर लगेच कोशिंबीर चिरू नका. धोका खाण्यात कमी आणि हाताळण्यात, पिसं काढण्यात, शीट झाडण्यात जास्त असतो. माणसाला हा रोग क्वचित होतो पण झाला तर वाईट, २००३ पासून जगात नोंद झालेल्या ९०० हून जास्त रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास दगावले. म्हणून खुराडं झाडताना तोंडाला रुमाल नाही, मास्क, आणि कोरडं झाडायचं नाही, आधी पाणी शिंपडा म्हणजे धूळ उडणार नाही. सासूबाईंनी बगळा हाताने उचलला होता, त्यांना किंवा घरात कोणाला येत्या आठ-दहा दिवसांत ताप, घसा, धाप असं काही झालं तर डॉक्टरला आपणहून सांगा की घरात कोंबड्या मेल्यात, तो विचारणार नाही.

सासूबाईंवर चिडू नका पण. त्यांच्या सासूने पण ओढ्यातच टाकलं असणार, आणि तेव्हा ओढ्याच्या वर ५ हजारांचं शेड नव्हतं.

राहिला मुलगा. त्याला न्या हो. बर्ड फ्लूमुळे अभयारण्य बंद असल्याची सूचना नसेल तर चापडगावच्या बाजूने जा, मनोऱ्यावर चढवा, दुर्बीण भाड्याने मिळाली तर घ्या, सकाळी लवकर गेलात तर चक्रवाकांची जोडी नारिंगी रंगात काठावर बसलेली दिसेल. लांबून बघण्यात काही धोका नाही, पाण्यात उतरायचं नाही, पिसं वेचून आणायची नाहीत, तो आणणारच, तर खिसे तपासा. घरी आल्यावर चपला दारातच काढा, तळवे ब्रशने घासून धुवा आणि त्या दिवशी कोंबड्यांना दाणे टाकायला त्याला पाठवू नका, तुम्ही जा, ती जुनी स्लीपर घालून.